परसातले पाणी



या व्याख्यानमालेत काल संतवाङ्मयावर आणि परवा राज्यघटनेवर व्याख्यान झाले. आज आमच्यावर परसातल्या मासळीच्या टाक्यावर बोलण्याची पाळी आली आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून काही मंडळी नक्कीच हसली असतील. त्यांचा आम्हांला राग नाही, कारण तीन वर्षांपूर्वी आम्हीही असेच हसलो असतो. विषय मात्र तितका हलका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ लिहिला. राजनीती, वैद्यक, गायन, पाकशास्त्र यांच्याबरोबर त्यात माशांच्या जाती कोणत्या आणि त्यांना काय खाऊ घालावे याचीही चर्चा आहे. राजाला जो विषय कमीपणाचा वाटला नाही तो निवृत्त शाळामास्तराला का वाटावा?

शिवाय हा विषय भंडाऱ्यात बोलण्याचाच आहे. आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. शहरात खांबतलाव आहे, उशाला वैनगंगा आहे, आणि धानाच्या बांध्यांमधून फिरू लागलात तर दर दोन हाकांवर एखादी बोडी लागते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा तो बांध तिकडे गेला, पण तो आपला नाही असे म्हणायला कोणाची जीभ धजेल? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळ्यांनी पाणी अडवले आणि धिवरांनी त्या पाण्यातला जीव सांभाळला. अशा मुलखात जन्मलेल्या माणसाला परसात दहा फुटांचे टाके नीट ठेवता येऊ नये, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. आम्हांला ते आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या न येण्याचीच हकीकत आहे.

झाले ते असे. आमच्या नातीला सुटीत मासे पाहिजे होते. काचेच्या पेटीत मासे कोंडणे आमच्या मनाला पटेना, तेव्हा परसातल्या पेरूजवळ टाके बांधायचे ठरले. लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट, खोली तीन फूट. म्हणजे एकशेऐंशी घनफूट, आणि घनफुटाला सुमारे अठ्ठावीस लिटर धरले तर पाच हजार लिटर पाणी. गणित शिकवण्यात आमचा जन्म गेला असल्यामुळे इथवर काही चुकले नाही. गवंड्याने सिमेंटचा झकास गिलावा केला. चार दिवस पाणी मारले, पाचव्या दिवशी टाके भरले, सहाव्या दिवशी रोहू आणि मृगल यांची चाळीस बोटुकली आणून सोडली. चैत्राचे दिवस होते, पाणी आरशासारखे स्वच्छ होते. सकाळ-संध्याकाळ धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप असा खुराक सुरू झाला. शेजारची मुले जमत आणि प्रत्येक जण आपल्या हाताने मूठभर टाकी. घरात जणू बारसे होते.

तेराव्या दिवशी पहाटे नातीने आम्हांला हाक मारली. मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. सूर्य वर येईपर्यंत निम्मे उलटे झाले, आणि दुपारपर्यंत आम्ही एकतीस मासे मोजून पेरूच्या बुंध्याशी पुरले. मुलीने फक्त एक प्रश्न विचारला, “आजोबा, यांना कोणी मारले?” आम्ही उन्हाचे नाव घेतले, पाण्याचे घेतले, मासे विकणाऱ्याचेही घेतले. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरे सांगायचे तर आमचाही बसला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओळखीचे एक वृद्ध धिवर सहज घरी आले. त्यांची हयात तलावावर गेलेली. त्यांनी टाक्यात हात घातला, दोन बोटे एकमेकांवर घासली, पाण्याचा वास घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, तुमी मासोऱ्या पोसल्या, पानी नाही पोसलं जी.” मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचे असते, पाणी नीट पाळले की मासे आपोआप राहतात. पुढे आम्ही या विषयावर जे काही वाचले ते सगळे या एका वाक्याची टीपच निघाले. ती टीप आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली चूक सिमेंटची. नव्या सिमेंटमधून कित्येक दिवस चुना पाण्यात उतरत असतो. त्याने पाणी अल्कधर्मी होते, म्हणून ते बोटांना बुळबुळीत लागते. पाण्याच्या या गुणाला सामू म्हणतात. सामू सात म्हणजे मधला, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. माशांना सात ते साडेआठ मानवतो. नव्या टाक्यात तो नऊ-दहाच्या पुढे सहज जातो. म्हणून टाके बांधल्यावर ते काठोकाठ भरावे, चार-पाच दिवसांनी ते पाणी उपसावे, भिंती काथ्याने घासाव्यात आणि पुन्हा भरावे. असे तीन-चार वेळा केल्यावाचून मासे आणू नयेत. जुने लोक अशा पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ठेवत. ते कुजताना आम्ल सुटते आणि चुन्याचा जोर मोडतो. ते पाणी नंतर फेकून द्यायचे असते. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. पाण्याला विचारल्याशिवाय मासा सोडू नये, हा पहिला नियम.

दुसरी चूक अधिक खोल आहे. तिथे आमचे गणित खरोखर उघडे पडले. मासा खातो तेव्हा अन्नातल्या प्रथिनांचा नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. ढेप आणि कोंडा यांच्या शंभर ग्रॅम मिश्रणापासून सुमारे तीन ग्रॅम अमोनिया तयार होतो असे धरा. मुलांच्या कृपेने आमच्या टाक्यात रोज पन्नास ग्रॅम तरी खाद्य पडत असे. म्हणजे रोज दीड ग्रॅम अमोनिया. पाच हजार लिटरांत तो वाटला तर लिटरला पाव मिलिग्रॅमहून थोडा अधिक. पण दहा दिवसांत तो तीन मिलिग्रॅम होतो. त्यात न खाल्लेले अन्न तळाशी कुजते, त्याचा अमोनिया निराळाच. पाणी आरशासारखे दिसत असते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

येथे पहिली चूक दुसरीला येऊन मिळते. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात, एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. तीस अंश उष्णतेच्या पाण्यात सामू सात असेल तर शंभरातला एखादाच भाग विषारी असतो. तोच सामू नऊ झाला की जवळजवळ निम्मा अमोनिया विषारी होतो. सिमेंटने सामू चढवला, चैत्राने उष्णता चढवली, आणि मुलांच्या प्रेमाने अमोनिया चढवला. मग एकतीस मासे मेले यात नवल कसले? नऊ वाचले याचेच नवल मानायला हवे.

आता कोणी विचारील की, तलावातही मासे खातात आणि मलमूत्र टाकतात, मग ते का मरत नाहीत? याचे उत्तर गेल्या शतकापलीकडच्या एका रशियन शास्त्रज्ञाने दिले. सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले की माती-पाण्यातले काही सूक्ष्म जिवाणू अमोनियावरच जगतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही, आणि वनस्पती ते खाऊन वाढतात. तलावाच्या गाळात, दगडांवर, देठांवर हे जिवाणू अब्जावधींनी वस्ती करून असतात. आमच्या नव्या, धुतल्या-पुसल्या टाक्यात त्यांतला एकही नव्हता. घर बांधले, पाहुणे बोलावले, जेवणावळी घातल्या, पण मोरीच बांधली नाही, अशातला हा प्रकार.

ही मोरी विकत मिळत नाही, ती वाढवावी लागते. तिला चार ते सहा आठवडे लागतात. तिचा वेग वाढवण्याचा साधा उपाय असा की, निरोगी मासे असलेल्या जुन्या टाक्यातले मूठभर खडे आणि थोडे पाणी आणून नव्यात टाकावे. तळाशी नदीचे धुतलेले गोटे पसरावेत, म्हणजे जिवाणूंना बसायला जागा होते. आरंभी फक्त दोन-चार मासे सोडावेत आणि त्यांना अगदी थोडे खाऊ घालावे. पहिले दोन आठवडे अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते. नायट्राइटने माशाचे रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी हजार लिटरांमागे किलोभर खडेमीठ विरघळवून टाकले तर त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आली म्हणजे टाके वयात आले. मग पुढचे मासे थोडेथोडे आणावेत.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. लिटरभर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात तो जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम मावतो आणि तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे आपण ज्या श्वासाला मोजत नाही तो मासा पै-पै मोजून घेतो. त्याचे दुर्दैव असे की पाणी तापते तसा प्राणवायू घटतो आणि माशाची भूक व धाप वाढते. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा टाक्याचा निम्मा भाग तरी सावलीत हवा. झाड उत्तम, पण त्याची पाने पाण्यात पडून कुजू देऊ नयेत. झाड नसेल तर बांबूचा मांडव घालावा. खोली तीन फुटांहून कमी नसावी, म्हणजे दुपारी तळाला थोडा गारवा राहतो. लहान पंपाने पाणी उचलून वरून गोट्यांवर पाडले की त्यात हवाही मिसळते आणि त्या गोट्यांवरचे जिवाणू पाणी गाळूनही देतात. वीज गेली तर बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतावे. आमच्या नऊ माशांचे प्राण त्या दिवशी असेच वाचले. शेजारच्या विहिरीचे पाणी आणून निम्मे टाके बदलले आणि रात्रभर आम्ही उभयतां बादल्या ओतत बसलो.

मासे किती ठेवावेत, या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे. वाढवण्यासाठी तलावात मासळी सोडतात तेव्हा हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडण्याची पद्धत आहे, म्हणजे चौरस मीटरला फार तर एक. आमच्या टाक्याचा पृष्ठभाग साडेपाच चौरस मीटर. त्या हिशेबाने पाच मासे पुरे होते. आम्ही चाळीस सोडले! एका खोलीच्या बिऱ्हाडात आठ कुटुंबे घालण्याजोगे हे झाले. परसात शोभेसाठी मासे ठेवायचे असतील तर लहान जातीचे थोडे अधिक चालतील. पण रोहू-कतला ही मंडळी हातभर वाढणारी आहेत, हे विसरू नये.

ही बोटुकली आज सहज मिळतात यामागेही एक इतिहास आहे. कतला, रोहू, मृगल या जाती साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे, आणि त्यात नको त्या जातीही येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून तळ्यातच अंडी घालून घेतली. तेव्हापासून मत्स्यबीज माणसाच्या हाती आले, आणि म्हणून तो दिवस देशात मत्स्यपालकांचा दिन म्हणून पाळला जातो. बीज हाती आले ही गोष्ट मोठीच झाली. पण बीज मिळणे आणि पाणी मिळणे यांत फरक आहे, हे आम्ही एकतीस माशांचे मोल देऊन शिकलो.

पाण्याच्या रंगाविषयी दोन शब्द. नवखा माणूस पाणी हिरवे झाले की घाबरतो, आणि अगदी स्वच्छ असले की खूश होतो. दोन्ही चुकीचे. फिकट हिरवे पाणी जिवंत असते. त्यातले सूक्ष्म शैवाल दिवसा प्राणवायू सोडते. पण ते दाट झाले तर रात्री तेच शैवाल प्राणवायू खाते, आणि पहाटे टाक्यात काही उरत नाही. मासे पहाटेच का तोंड काढतात, याचे कारण हे. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन ज्योतिर्विदाने समुद्राच्या पाण्याची निर्मळता मोजायला पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली होती. आपल्याला तबकडीची गरज नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळहात अंधुक दिसला तर पाणी ठीक, मनगटच दिसेना तर शैवाल फार झाले. आमच्या धिवरबाबांनाही ही खूण ठाऊक होती, आणि त्यांनी सेक्कीचे नावही ऐकलेले नव्हते.

शैवाल फार झाले म्हणून मोरचूद टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. तांबे माशांना विष आहे, आणि शैवाल एकदम मेले की त्याच्या कुजण्याने उरलासुरला प्राणवायूही जातो. याच कारणाने आमच्या या पितळेच्या शहरात एक सूचना मुद्दाम करतो. शोभेसाठी जुना पितळी गुंड टाक्यात बुडवून ठेवू नये. शैवालावर खरा इलाज तीन प्रकारचा: सावली वाढवा, खाद्य कमी करा, आणि पाणवनस्पती लावा. कमळ किंवा कुमुद कुंडीत लावून कुंडी तळाशी ठेवावी. पाण्याखाली वाढणाऱ्या वेलींची दोन-चार झुबकी सोडावीत. जे नायट्रेट शैवाल खाणार ते या वनस्पती खातात. पृष्ठभागाचा अर्धा भाग मात्र मोकळा ठेवावा. आणि जलकुंभी सुंदर फुलते म्हणून घरी आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही पाहुणी एकदा घरात शिरली की यजमानालाच बाहेर काढते.

खाऊ घालण्याचा नियम एका ओळीत सांगता येतो: पाच मिनिटांत संपेल तेवढेच द्यावे, आणि तेही एकाच हाताने. थंडीत कमी द्यावे, पावसाळी कुंद दिवशी देऊच नये. दोन दिवस उपाशी राहिल्याने मासा मरत नाही, दोन दिवस जास्त खाल्ल्याने टाके मरते. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी तळाकडून काढावे आणि तेवढेच नवे भरावे. काढलेले पाणी भाजीपाल्याला उत्तम खत. संपूर्ण टाके उपसून घासूनपुसून लख्ख करणे ही गृहिणीला शोभणारी सवय येथे घातक आहे, कारण त्या घासण्यात आपली मोरी वाहून जाते. नळाचे पाणी असेल तर त्यातला क्लोरीन जिवाणूंना आणि कल्ल्यांना सारखाच मारतो. ते पसरट भांड्यात उघड्यावर दिवस-दोन दिवस ठेवून मगच वापरावे. आणि टाक्याभोवती जाळी किंवा कठडा असल्यावाचून लहान मुलांच्या घरात टाके बांधूच नये. माशांच्या जिवाआधी हा जीव.

डासांविषयी शेजारी हमखास तक्रार करतात. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, तेव्हापासून साचलेले पाणी बदनाम झाले आणि ते योग्यच झाले. पण मासे असलेले, हलते पाणी डासांना मानवत नाही. अळ्या माशांच्या पोटात जातात. बदनाम व्हायला हवीत ती छपरावरची फुटकी मडकी आणि जुने टायर. गप्पी मासे टाक्यात जरूर ठेवावेत, पण कंटाळा आला म्हणून ते किंवा कोणतेही परके मासे बोडीत-तलावात सोडून पुण्य जोडू नये. १९५२ साली तिलापिया देशात आला आणि मग किती तळ्यांत त्याच्याखेरीज काही उरले नाही, हे कोणत्याही धिवराला विचारा. आफ्रिकेतला मोठा मागूर पाळायला तर देशात बंदीच आहे, कारण तो आपला शिंगी-मागूर आणि आपली मरळ फस्त करतो.

येथवर परसातले पाणी झाले. आता अध्यक्षांची परवानगी घेऊन कुंपणाबाहेर एक पाऊल टाकतो.

आम्ही टाके सांभाळायला शिकू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, कोहळ्यांच्या तलावात हे सगळे आधीच होते. पाळ होती, जादा पाणी जायला सलंग होती. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकत, म्हणजे आमचे तळ साफ करणे. काठावर झाडे होती, म्हणजे सावली. पाण्यात कमळ, शिंगाडा आणि अनेक पाणवनस्पती होत्या, म्हणजे गाळणी. त्यांच्या मुळाशी माशांची अंडी आणि पिले होती. पाणी वाटणारा, मासे धरणारा आणि पाळ दुरुस्त करणारा हे एकाच गावात राहत आणि एकमेकांना जाब विचारू शकत. त्या व्यवस्थेत मालगुजाराची सत्ता होती, अन्यायही होता, आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. पण व्यवस्थेबरोबर तिच्यातले शहाणपणही वाटले गेले. पाण्याचा हिशेब एकीकडे, माशांचा दुसरीकडे, आणि गाळ कोणाचाच नाही. काठावर बेशरम माजली, पाण्यातल्या वनस्पती गेल्या, आणि वनस्पती गेल्या तशा देशी मासळ्या गेल्या.

पण ही गोष्ट येथेच संपत नाही, म्हणून तर ती सांगतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, श्री. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, धिवरांच्या सहकारी संस्था आणि धिवर बायाबापड्या यांना बरोबर घेऊन अर्जुनी मोरगावच्या परिसरातले तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. त्यांनी मासे सोडण्यापासून आरंभ केला नाही. आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात आटलेल्या भागाची नांगरट केली आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती लावल्या. पाणी पोसले. मग देशी मासळ्या परतल्या, आणि त्यांच्यामागून पाखरे आली. आमच्या धिवरबाबांच्या वाक्याचा याहून मोठा पुरावा कोठला?

उलट पुरावाही दारातच आहे. नागपूरचे सांडपाणी नागनदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. १९८८ साली ज्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, त्याच्या अडलेल्या पाण्यात ते येऊन थांबते. लाखो घरांतून निघालेला तोच अमोनिया, तेच नायट्राइट. आमच्या टाक्यात मुले मुठीने टाकीत होती, येथे शहर नळ्यांनी टाकते. नदीजवळही जिवाणू आहेत, वनस्पती आहेत, पण त्यांच्या कामालाही मर्यादा आहे. चार सोयींच्या घरात चाळीस कुटुंबे राहू शकत नाहीत. आणि पाणी आरशासारखे दिसते तोवर आपल्याला वाटते, सारे ठीक आहे.

श्रोतेहो, आपण प्रत्येकाने परसात टाके बांधावे, असा आमचा आग्रह नाही. ज्याला रोज दहा मिनिटे पाण्याकडे पाहायला सवड नाही त्याने बांधू नये. पण ज्याने बांधले त्याला एक विद्या मिळते. पाण्यात काय घातले म्हणजे काय होते, हे त्याला पंधरा दिवसांत आपल्या डोळ्यांनी दिसते. तलावाच्या बाबतीत ते दिसायला पन्नास वर्षे लागतात, आणि तोवर जाब विचारायला कोणी उरत नाही.

ते नऊ मासे पुढे हातभर झाले, टाक्यात मावेनात. दोन वर्षांनी ऐन आषाढात नातीने ते एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बोडीत, त्याच्या संमतीने, आपल्या हाताने सोडले. परत येताना आम्ही तिला तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, “ते एकतीस मासे उन्हाने मेले नव्हते, बाळ. ते आम्ही मारले. प्रेमाने मारले, पण आम्हीच.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग हे नऊ कोणी वाचवले?” तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही. आज सुचते, ते असे की, ज्याने आपली चूक मोजली त्याने. पाण्याची मोजणी तेथूनच सुरू होते.